पहिल्या फेरीतला मतदार

२० मे २००८ रोजी अमेरिकेतल्या दोन राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या मतदानाच्या फेऱ्या, झाल्या. केंटकीत हिलरी क्लिंटन यांना ६५ टक्के मतं पडली आणि बराक ओबामांना ३०. ऑरेगनमध्ये ओबामांना ५९ आणि क्लिंटन यांना ४१. दोन्ही राज्यांतले मतदार बहुतांश गोरे. ऑरेगनमध्ये तर कृष्णवर्णीयांची वस्ती केंटकीहूनही विरळ. पक्ष एक, उमेदवार तेच, दिवस तोच, आणि निकाल थेट उलटे. त्याच्या आठवडाभर आधी वेस्ट व्हर्जिनियात क्लिंटन यांनी ओबामांना ४१ टक्क्यांच्या फरकाने हरवलं होतं आणि ‘गोरा कष्टकरी मतदार कृष्णवर्णीय उमेदवाराला स्वीकारत नाही’ हा निष्कर्ष टीव्हीवरच्या चर्चांमध्ये पक्का झाला होता. ऑरेगनच्या निकालाने तो निदान डळमळायला हवा होता, पण तसं झालं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक प्रायमरीत तो पुन्हा वर येतो, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या परदेशी पानांवर तो ‘शेवटी तिथेही जातच’ अशा थाटात छापला जातो.

मला हे वाचन चुकीचं वाटतं. नुसतं चुकीचं नाही, अन्यायाचंही वाटतं.

अमेरिकेच्या प्रायमरीत वर्णाला स्थान नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. वेस्ट व्हर्जिनियात मतदान करून बाहेर पडणाऱ्या गोऱ्या मतदारांपैकी दर पाचातल्या एकाने एक्झिट पोलवाल्यांना सरळ सांगितलं, की उमेदवाराचा वर्ण आपल्या निर्णयात महत्त्वाचा होता, आणि असं सांगणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी क्लिंटन यांना मत दिलं होतं. अनोळखी माणसाच्या हातातल्या कागदावर इतकी उघड कबुली मिळत असेल तर न दिलेल्या कबुल्या किती असतील याचा अंदाज कुणीही करावा. मे महिन्याच्या सुरुवातीला क्लिंटन यांनी स्वतः एका मुलाखतीत ‘कष्ट करणारे अमेरिकन, गोरे अमेरिकन’ आपल्यामागे आहेत अशा अर्थाचं विधान केलं. कष्टकरी आणि गोरे ही दोन विशेषणं त्यांनी अशी लागोपाठ ठेवली, की जणू कृष्णवर्णीय माणूस कष्ट करतच नाही. ते विधान त्यांना महागात पडलं आणि पडायलाच हवं होतं.

पण वर्णद्वेष आहे हे मान्य करणं वेगळं आणि प्रत्येक मताचं कारण मतदाराच्या कातडीत शोधणं वेगळं. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया हा ॲपलेशियन डोंगरांचा टापू. खाणकामगारांची गावं, वयस्कर मतदार, कॉलेजात गेलेले थोडे, आणि बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीविषयी आत्मीयता. ऑरेगनच्या पोर्टलंड-यूजीन पट्ट्यातला गोरा मतदार तरुण, पदवीधर आणि इराक युद्धावर चिडलेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमध्ये, जिथे कारखान्यांतला गोरा कामगार भरपूर आहे, ओबामा ५८ विरुद्ध ४१ टक्क्यांनी जिंकले. म्हणजे ‘गोरं मत’ नावाची एकसंध वस्तू नाही, हे निकालांच्या पानांवरच लिहिलेलं होतं. आणि गंमत नाही, पण दुःखाची गोष्ट अशी, की गोऱ्या मतदाराच्या बाबतीत हे पटकन मान्य होतं. तो शेतकरी असतो, कामगार असतो, उपनगरातली आई असते, युद्धातून परतलेला सैनिक असतो. कृष्णवर्णीय मतदार मात्र कृष्णवर्णीय एवढाच असतो, त्याच्या मताचा गठ्ठा होतो.

या गठ्ठ्याची २००८ मधली हकिगत पाहण्यासारखी आहे. आज आपल्याला वाटतं की कृष्णवर्णीय मतदार पहिल्या दिवसापासून ओबामांच्या मागे होते. तसं नव्हतं. २००७ च्या बऱ्याच काळात मतचाचण्यांमध्ये कृष्णवर्णीय डेमोक्रॅट मतदारांत हिलरी क्लिंटन यांचं पारडं जड होतं. त्यांचं नाव घराघरात माहीत होतं, आणि ओबामांविषयी शंका होती. शंका त्यांच्या लायकीविषयी नव्हती. गोरे लोक त्यांना मत देतील का, याविषयी होती. आयुष्यभर गोऱ्यांच्या वागण्याचा हिशेब ठेवत जगलेल्या समाजाचा तो अनुभवी सावधपणा होता. मग ३ जानेवारी २००८ ला आयोवाचं कॉकस, म्हणजे सभा भरवून घेतलेली प्रायमरी, झालं. नव्वद टक्क्यांहून जास्त गोऱ्या वस्तीच्या त्या राज्यात, शाळांच्या जिमखान्यांत आणि चर्चच्या तळघरांत, लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि ओबामा पहिले आले. क्लिंटन तिसऱ्या. त्यानंतर तीन आठवड्यांत दक्षिण कॅरोलायनात कृष्णवर्णीय मतदारांपैकी सुमारे ७८ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं. ज्याला गठ्ठा म्हणतात तो असा तयार झाला. आयोवातल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी काय केलं ते पाहून, विचार करून, जिंकू शकणाऱ्या माणसामागे उभं राहण्याचा तो निर्णय होता.

जॉन लुईस यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी पोलिसांच्या लाठ्या डोक्यावर झेललेला हा माणूस. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अटलांटाचं प्रतिनिधित्व करत होता. त्याने २००७ मध्ये पाठिंबा दिला क्लिंटन यांना, कारण जुनी मैत्री होती आणि तो शब्दाचा पक्का होता. ५ फेब्रुवारी २००८ ला त्याच्याच मतदारसंघातल्या लोकांनी भरभरून ओबामांना मत दिलं. महिनाअखेरीस लुईस यांनी आपला पाठिंबा बदलला. मतदार नेत्याच्या मागे गेले नाहीत, नेता मतदारांच्या मागे आला. गठ्ठ्याचं गणित मांडणाऱ्यांनी याचा विचार करावा, कारण त्यांच्या हिशेबात नेत्याने खूण केली की गठ्ठा हलतो.

दक्षिण कॅरोलायनाचा निकाल लागला त्या दिवशी बिल क्लिंटन यांनी पत्रकारांना आठवण करून दिली, की जेसी जॅक्सन हे कृष्णवर्णीय नेतेसुद्धा हे राज्य १९८४ आणि १९८८ मध्ये जिंकले होते. वाक्यात खोटं काही नव्हतं. पण त्याचा रोख सगळ्यांना कळला. हा विजय कृष्णवर्णीयांच्या जोरावरचा आहे, तेव्हा त्याचं वजन कमी धरा. मला अडचण आहे ती या वजन कमी धरण्याशी. न्यू हॅम्पशायरमध्ये गोऱ्यांच्या मतांवर मिळालेला विजय हा नुसताच विजय असतो, आणि दक्षिण कॅरोलायनातल्या विजयाला मात्र विशेषण लागतं. असं का, हे समजून घ्यायचं तर दक्षिणेतल्या प्रायमरीचा इतिहास थोडा तपशिलात पाहावा लागतो. तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो.

आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा निर्णय हळूहळू मतदारांकडे आला. तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं, लोकशाहीचं पुढचं पाऊल म्हणून. पण दक्षिणेतल्या राज्यांत त्या काळी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून दुसरा पक्ष नावालाच होता. तिथे जो प्रायमरी जिंकेल तोच नोव्हेंबरात निवडून येणार हे ठरलेलं असे. म्हणजे खरी निवडणूक प्रायमरी हीच. आणि नेमक्या त्याच निवडणुकीचं दार कृष्णवर्णीयांना बंद होतं. नोव्हेंबरात मत द्यायचा हक्क राज्यघटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने कागदावर दिला होता. म्हणून युक्तिवाद असा केला गेला, की प्रायमरी ही खासगी संघटनेची अंतर्गत बाब आहे आणि आपले सभासद कोण हे पक्षाने ठरवावं. टेक्ससने १९२३ मध्ये थेट कायदाच केला, की डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मत देता येणार नाही. एल पासो गावच्या डॉ. लॉरेन्स निक्सन यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये कायदा रद्द केला, टेक्ससने दुसरी पळवाट काढली. १९३२ मध्ये तीही बंद झाली, मग पक्षानेच अधिवेशनात ठराव केला, आणि १९३५ मध्ये न्यायालयाने तो चालवून घेतला. शेवटी ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात, थर्गुड मार्शल यांच्या वकिलीनंतर, १९४४ मध्ये ‘गोरी प्रायमरी’ घटनाबाह्य ठरली.

दक्षिण कॅरोलायनाने त्यावर काय केलं? गव्हर्नरने विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि राज्याच्या पुस्तकातून प्रायमरीविषयीचे सगळे कायदे काढूनच टाकले. राज्याचा संबंधच नाही म्हटल्यावर न्यायालय बोलणार कशाला, असा हिशेब. पक्ष म्हणजे क्लब. आणि क्लबमध्ये कुणाला घ्यायचं ही क्लबची मर्जी.

कोलंबिया या राजधानीच्या गावी जॉर्ज एल्मोर नावाचा एक कृष्णवर्णीय दुकानदार होता. तो पक्षाच्या नोंदवहीत नाव घालायला गेला. त्याचा रंग उजळ होता. कारकुनाने त्याला गोरा समजून सही करू दिली. चूक ध्यानात आल्यावर नाव खोडलं गेलं. एल्मोरने खटला भरला आणि तो चार्ल्सटनचे न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांच्यापुढे आला. वेअरिंग स्वतः जुन्या गोऱ्या घराण्यातले. १९४७ मध्ये त्यांनी एल्मोरच्या बाजूने निकाल देताना लिहिलं, की दक्षिण कॅरोलायनाने आता पुन्हा देशात सामील व्हायची वेळ आली आहे. पुढच्या वर्षी हजारो कृष्णवर्णीयांनी पहिल्यांदा त्या प्रायमरीत मत दिलं. किंमत दोघांनी मोजली. एल्मोरच्या घरासमोर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने क्रूस जाळला, त्याच्या दुकानाला माल मिळेनासा झाला आणि धंदा बुडाला. वेअरिंग यांना त्यांच्या गावाने वाळीत टाकलं. निवृत्तीनंतर ते न्यूयॉर्कला गेले.

उजळ रंगामुळे नाव लागतं आणि रंग कळताच खोडलं जातं, हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. प्रायमरीत मतदाराचा रंग पाहायला सुरुवात कुणी केली, या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत आहे. ज्यांना रंगावरून बाहेर ठेवलं ते आत आल्यावर एकत्र उभे राहिले तर त्यांना ‘तुम्ही रंग पाहून मत देता’ असं म्हणण्याचा अधिकार कुणाला उरतो?

त्याच दक्षिण कॅरोलायनात आज राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय चतुर्थांशाच्या आसपास आहेत, पण डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या मतदारांत निम्म्याहून अधिक. नोव्हेंबरच्या निवडणुकीत दहातले आठ-नऊ कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षालाच मत देतात, कारण दुसऱ्या पक्षाने त्यांच्यासाठी फारशी जागा ठेवलेली नाही. त्यामुळे तिथे त्यांचं मत एक पक्ष गृहीत धरतो आणि दुसरा सोडून देतो. निवडीला वाव असतो तो फक्त प्रायमरीत. शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या कारणाने प्रायमरी हीच त्यांच्यासाठी खरी निवडणूक होती आणि दार बंद होतं. आज पुन्हा तीच खरी निवडणूक आहे आणि दार उघडं आहे. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. तिथे दिलेलं मत हे त्या समाजाचं सर्वांत मोकळं आणि म्हणून सर्वांत विचारपूर्वक मत असतं. त्याचंच वजन कमी धरणं म्हणजे एल्मोरचं नाव पुन्हा खोडण्यासारखं आहे.

विचारपूर्वक म्हणजे काय, ते २०२० मध्ये दिसलं. त्या वेळी डेमोक्रॅटिक उमेदवारांत कमला हॅरिस होत्या, कोरी बुकर होते. मतं रंगावर पडत असती तर दक्षिण कॅरोलायनात या दोघांत चुरस व्हायला हवी होती. प्रत्यक्षात तिथले कृष्णवर्णीय मतदार चाचण्यांमध्ये सातत्याने जो बायडन यांच्याकडे झुकलेले राहिले. हॅरिस डिसेंबर २०१९ मध्येच बाहेर पडल्या, बुकर जानेवारीत. बायडन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं. २६ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलायनातून काँग्रेसवर गेलेले जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला. ‘आम्ही जोला ओळखतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जो आम्हाला ओळखतो,’ असं ते म्हणाले.

क्लायबर्न यांनी नंतर एक प्रसंग मुलाखतींत सांगितला आहे. ते एका जुन्या परिचिताच्या अंत्यविधीसाठी चर्चमध्ये गेले होते. पुढच्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईंनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, की तुम्ही मत कुणाला देणार ते मला सांगा. मोठ्याने सांगायचं नसेल तर कानात सांगा. क्लायबर्न यांनी कानात सांगितलं. बाई म्हणाल्या, हेच ऐकायचं होतं, आता हे सगळ्यांना सांगा. त्यातून जाहीर पाठिंब्याची निकड आपल्याला कळली, असं ते म्हणतात. पाहा, इथेही निरोप खालून वर गेला. २९ फेब्रुवारीला बायडन यांना ४८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली, त्यांचे डावीकडे झुकलेले प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना २० च्या आसपास. तीन दिवसांनी, अनेक राज्यांत एकदम मतदान होतं त्या ‘सुपर ट्यूजडे’ला, बायडन यांनी १४ पैकी १० राज्यं घेतली. ट्रम्पना हरवण्यासाठी गोऱ्या मध्यममार्गी मतदाराला कोण चालेल, हा हिशेब त्या वृद्ध बाईंच्या पिढीने मांडला, आणि नोव्हेंबरात तो बरोबर निघाला. तरुण कृष्णवर्णीय मतदारांचा हिशेब थोडा निराळा होता. त्यांच्यात सँडर्स यांना वयस्कांपेक्षा बराच जास्त पाठिंबा होता. बाप आणि मुलगा वेगळं मत देतात, तेव्हा तो गठ्ठा कसला?

लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मतदारांविषयीचं भाकीत तर याहून वाईट फसलं. २००८ मध्ये नेवाडा, कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये लॅटिनो मतदारांनी क्लिंटन यांना ओबामांच्या जवळपास दुप्पट मतं दिली. लगेच सिद्धांत निघाला, की लॅटिनो लोक कृष्णवर्णीय उमेदवाराला मत देत नाहीत. शिकागोत १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ मध्ये डेव्हिड डिंकिन्स या कृष्णवर्णीय महापौरांना लॅटिनोंनी मोठ्या प्रमाणात मतं दिली होती, हे सगळे विसरले. २००८ च्याच नोव्हेंबरात ओबामांना लॅटिनोंची ६७ टक्के मतं मिळाली. प्रायमरीत त्यांनी ओबामांना नाकारलं नव्हतं. ओळखीच्या बाईला पसंती दिली होती, एवढंच.

मतदाराची वर्णनिहाय बेरीज करणारे आणखी एक गोष्ट नजरेआड करतात. प्रायमरी मतांवर जिंकली जात नाही, डेलिगेटांवर, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींवर, जिंकली जाते, आणि मतांचे डेलिगेट कसे होतात यावर बरंच काही ठरतं. डेमोक्रॅटिक पक्षात राज्याचे बहुतेक डेलिगेट मतदारसंघांत वाटले जातात आणि मतांच्या प्रमाणात दिले जातात. समजा मतदारसंघात चार डेलिगेट आहेत आणि एका उमेदवाराने ६० विरुद्ध ४० टक्क्यांनी बाजी मारली. वाटणी दोन-दोन. शेजारच्या मतदारसंघात तीन डेलिगेट आहेत आणि निकाल ५१ विरुद्ध ४९. वाटणी दोन-एक. मोठा विजय वाया गेला आणि निसटता विजय फळाला आला. शिवाय मागच्या निवडणुकांत जिथे पक्षाला जास्त मतं पडली त्या भागाला डेलिगेट जास्त. कृष्णवर्णीय वस्त्या पक्षाशी निष्ठावान, म्हणून त्यांच्या मतदारसंघांना वजन जास्त. टेक्ससमध्ये ह्यूस्टन आणि डॅलसच्या कृष्णवर्णीय भागांना मेक्सिकोच्या सीमेलगतच्या लॅटिनो भागांपेक्षा जास्त डेलिगेट होते, कारण सीमेवर आधी मतदान कमी झालं होतं. क्लिंटन यांनी टेक्ससची प्रायमरी ५१ विरुद्ध ४७ टक्क्यांनी जिंकली, आणि कॉकस धरून राज्यातले जास्त डेलिगेट ओबामांना मिळाले, ९९ विरुद्ध ९४. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीत अकरा लाखांवर लोकांनी मत दिलं, क्लिंटन जिंकल्या आणि त्यांना ओबामांपेक्षा ११ डेलिगेट जास्त मिळाले. त्याच दिवशी आयडाहोत, जिथे कृष्णवर्णीय वस्ती नगण्य आहे, वीस-एकवीस हजार लोकांच्या कॉकसमध्ये ओबामांनी १२ डेलिगेटांची आघाडी घेतली. ओबामांची उमेदवारी कृष्णवर्णीय मतांवर उभी होती म्हणणाऱ्यांनी आयडाहोच्या बर्फात कोण मत देत होतं ते पाहावं.

या प्रमाणशीर वाटपामागे जेसी जॅक्सन आहेत. १९८८ मध्ये त्यांना प्रायमरींत सुमारे ६९ लाख मतं पडली, मिशिगनचं कॉकस त्यांनी जिंकलं, पण उमेदवारी मिळाली नाही. त्या पराभवानंतर त्यांच्या माणसांनी नियमांची बोलणी केली, आणि पुढच्या वेळेपासून सगळ्या राज्यांत डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटायचे असं ठरलं. जिंकेल त्याला सगळं, हा जुना नियम असता तर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया जिंकणाऱ्या क्लिंटन यांना अडवणं ओबामांना फार जड गेलं असतं. बिल क्लिंटन यांनी जॅक्सन यांचं नाव हिणवण्यासाठी घेतलं होतं. ते नाव आदराने घ्यायला हवं होतं.

पहिली फेरी कुणाची आणि शेवटची कुणाची, हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांसाठी राखीव जागा दिल्या, आणि त्यांच्यासाठी दोन टप्प्यांची निवडणूक ठरवली. पहिल्या टप्प्यात फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, दुसऱ्या टप्प्यात सर्वसाधारण मतदारसंघाने त्या चारांतून एक. १९४५-४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या उमेदवारांनी पहिल्या टप्प्यात अनेक ठिकाणी आघाडी घेतली आणि शेवटच्या टप्प्यात ते पडले. आमच्या लोकांनी ज्यांना पसंत केलं ते निवडून आले नाहीत, दुसऱ्यांनी पसंत केले ते आले, हा पुरावा बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रिटिश सरकारपुढे मांडला. दक्षिण कॅरोलायनात कृष्णवर्णीयांना पहिल्या फेरीतून वगळलं आणि शेवटची फेरी निरर्थक केली. इथे पहिली फेरी दिली आणि शेवटच्या फेरीत ती पुसून टाकली. दोन्हीकडे वंचित समाज एकत्र मत देतो ही तक्रार करणारे होते, आणि दोन्हीकडे त्या मताला फळ येऊ न देणारे तेच होते.

या प्रश्नाशी जोडलेला एक मराठी माणूसही आहे, आणि त्याची गोष्ट माझ्या युक्तिवादाला सोयीची असूनही मला थोडी अस्वस्थ करते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून गेले. ही राष्ट्राध्यक्षपदाची नव्हे, काँग्रेसची प्रायमरी, पण डेट्रॉइटची. नऊ उमेदवार होते, त्यातले बरेच कृष्णवर्णीय. ठाणेदार यांनी स्वतःचा पैसा मोकळ्या हाताने खर्चला आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. इथे प्रमाणशीर वाटप नसतं, सर्वांत पुढे असेल तो जिंकतो. मतविभागणी होऊ नये म्हणून काही कृष्णवर्णीय नेत्यांनी आधीच एका नावामागे उभं राहायचा प्रयत्न केला होता. मतदारांनी त्यांचं ऐकलं नाही. गठ्ठा असता तर ऐकलं असतं. मराठी वर्तमानपत्रांनी या विजयाचा अभिमान बाळगला, तो बाळगावाही. पण डेट्रॉइट हे अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं सर्वांत ठळक मोठं शहर, आणि जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्याला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. ही बाजू आपल्या बातम्यांत मला फारशी दिसली नाही.

राहता राहिला कोणत्या राज्याची प्रायमरी आधी, या क्रमाचा प्रश्न. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवा आणि न्यू हॅम्पशायरला मागे सारून पहिला मान दक्षिण कॅरोलायनाला दिला. त्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा, की हे राज्य १९७६ नंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाला कधी मिळालं नाही, मग उमेदवार त्याने का ठरवावा? दुसरा असा, की तिथला कृष्णवर्णीय मतदार वयस्कर, चर्चला जाणारा, सावध आहे. डेट्रॉइटचा, ओकलंडचा किंवा अटलांटाचा तरुण त्याच्यात दिसत नाही. शिवाय ज्या बायडन यांना त्या राज्याने तारलं त्यांनीच त्याला पुढे आणलं, आणि तेही लढत नसलेल्या वर्षी. २०२० मध्ये तिथे पाच लाख चाळीस हजारांच्या घरात लोक मतदानाला आले होते, २०२४ मध्ये एक लाख एकतीस हजार. निर्णय योग्य होता, पण ज्या वर्षी घेतला त्या वर्षी तो मतदारांच्या काही कामाचा नव्हता.

तरी मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे. पहिला आक्षेप मानायचा तर दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीय मतदारांना नोव्हेंबरातही आवाज नाही आणि प्रायमरीतही नाही, असं होईल. ज्या राज्यात ते अल्पसंख्य आहेत तिथे नोव्हेंबरात त्यांचं मत बुडतं, हा त्यांचा दोष नाही. दुसऱ्या आक्षेपावर उपाय राज्य वाढवण्याचा आहे, वगळण्याचा नाही. जॉर्जियाचा विचार पक्षाने केला होता. तिथे लोकसंख्येचा साधारण तिसरा हिस्सा कृष्णवर्णीय आहे, अटलांटाचा तरुण मतदार आहे, आणि २०२० मध्ये बायडन ते राज्य अवघ्या ११,७७९ मतांनी जिंकले, म्हणजे नोव्हेंबरातही लढत खरी आहे. प्रायमरीची तारीख ठरवणं तिथे रिपब्लिकन अधिकाऱ्यांच्या हातात होतं आणि त्यांनी ती हलवली नाही. ती हलेपर्यंत दक्षिण कॅरोलायना पहिल्या महिन्यात राहिली पाहिजे, आणि जोडीला लॅटिनो मतदारांचं नेवाडा. आयोवातल्या गोऱ्या शेतकऱ्याने पन्नास वर्षं पहिला कौल दिला, त्याचा निर्णय कधी ‘गोरं मत’ म्हणून बाजूला ठेवला गेला नाही. दक्षिण कॅरोलायनातल्या चर्चमधल्या बाईंचा कौल त्याच्याइतक्याच सरळपणे मोजला जावा, एवढंच माझं मागणं आहे.